रेकॉर्डमधला शून्य कसा बनतो? प्रोफेशनल बॉक्सरचं करिअर, सोप्या भाषेत

टीव्हीवर फाइट सुरू व्हायच्या आधी अनाउन्सर बॉक्सरचे आकडे ओरडून सांगतो, इतक्या लढती, इतके विजय, त्यातले इतके नॉकआउट, पराभव शून्य. बघणाऱ्याला वाटतं बाप रे, हा गडी कधी हरलाच नाहीये. गडी भारी असेलही, पण त्या शून्यात त्याच्या ठोशांचा जेवढा वाटा असतो जवळपास तेवढाच ऑफिसात बसून फोन फिरवणाऱ्या एका माणसाचाही असतो, त्याला मॅचमेकर म्हणतात. कोण कोणाशी लढणार, कधी, किती वजनावर, किती राउंड, कुठल्या शहरात, हे तो आणि प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा, मिळून जुळवतात. टेनिसमध्ये ड्रॉ निघतो आणि समोर जो येईल त्याच्याशी खेळावं लागतं, क्रिकेटमध्ये टाइमटेबल असतं, प्रो बॉक्सिंगमध्ये यातलं काहीच नाही, इथे प्रत्येक लढत हा एक सुटा सौदा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या चक्रावून टाकणाऱ्या गोष्टी, म्हणजे एकाच वजनात चार चार चॅम्पियन कसे, दोन टॉपचे बॉक्सर वर्षानुवर्षं एकमेकांना टाळतात कसे, आणि कोट्यवधी कमावलेला माणूस कफल्लक होतो कसा, हळूहळू उलगडायला लागतात.

आधी अमॅच्युअर आणि प्रो यातला फरक, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते अमॅच्युअर पद्धतीचं बॉक्सिंग, तीन मिनिटांचे तीन राउंड, अंगात बनियनसारखा जर्सी, पाठीमागे देशाची फेडरेशन, खर्च बऱ्यापैकी तिचा, स्पर्धेत काही दिवसांत चार-पाच लढती. प्रो झालात की जर्सी गेला, फेडरेशन गेली, आणि तुम्ही स्वतःच एक धंदा झालात. सुरुवात चार राउंडच्या लढतींपासून, मग सहा, आठ, दहा, आणि वर्ल्ड टायटल असेल तर बारा. पुरुषांचा राउंड तीन मिनिटांचा, मधे एक मिनिट विश्रांती. बायकांच्या लढतीत राउंड दोन मिनिटांचा आणि टायटल फाइट बहुतेक वेळा दहा राउंडची, यावर वाद बराच आहे, काही महिला बॉक्सर म्हणतात आम्हालाही तीन मिनिटांचे बारा द्या, मग राउंड कमी म्हणून मानधन कमी असं तुम्हाला म्हणता येणार नाही. ग्लोव्हज साधारण ६६.७ किलोपर्यंतच्या गटांना ८ औंसांचे, त्याच्या वर १० औंसांचे.

ऑलिंपिक मेडल घेऊन आलेल्यालाही ही पहिली पायरी चुकत नाही. विजेंदर सिंगने २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ जिंकलं, २०१५ ला तो प्रो झाला आणि मँचेस्टरला पहिली लढत खेळला ती चार राउंडचीच होती. घाई केली तर काय होतं हे बघायचं असेल तर व्हासिल लोमाचेंकोचं उदाहरण घ्या. युक्रेनचा हा पोरगा म्हणजे अमॅच्युअरमधला चमत्कार, दोन ऑलिंपिक गोल्ड, ३९६ विजय आणि फक्त एक पराभव असं त्याचं रेकॉर्ड सांगतात. त्याने हट्ट धरला की मला लगेच टायटल पाहिजे, आणि २०१४ ला प्रो म्हणून दुसऱ्याच लढतीत तो ऑर्लांडो सालिडो नावाच्या मेक्सिकन बॉक्सरसमोर उभा राहिला. सालिडोच्या नावावर तोपर्यंत डझनभर पराभव होते, वजनही तो जास्त घेऊन आला होता, पण त्याला बारा राउंड कसे काढायचे, शरीरावर मारून समोरच्याचा दम कसा काढायचा, रेफ्रीची पाठ फिरली की काय काय करायचं हे सगळं ठाऊक होतं. लोमाचेंको स्प्लिट डिसिजनवर हरला, म्हणजे तीन जजपैकी दोघांनी सालिडोला जिंकवलं आणि एकाने याला. तिसऱ्या लढतीत त्याने टायटल जिंकलं ते वेगळं, पण तो लोमाचेंको होता म्हणून, बाकीच्यांना असा धडा सहसा परवडत नाही.

म्हणून मग प्रमोटर काय करतो तर नव्या पोराला, ज्याला प्रॉस्पेक्ट म्हणतात, सांभाळून सांभाळून वर आणतो. पहिल्या दहा-बारा लढती अशा माणसांशी लावतो जे हरणार हे जवळपास सगळ्यांनाच माहीत असतं. आधी एखादा सरळ चालून येणारा, मग एखादा डावखुरा, मग एखादा उंच, मग एखादा म्हातारा पण खमक्या जो आठ राउंड उभा राहील आणि पोराला थकल्यावर कसं लढायचं ते शिकवेल. यात फिक्सिंग असेलच असं नाही, लढत खरीच असते, फक्त जोडी अशी लावलेली असते की निकाल बऱ्यापैकी ठरल्यासारखा. मला विचाराल तर यात गैर काही नाही, बारा राउंडचा धंदा शिकायला वेळ लागतोच, गैर तेव्हा होतं जेव्हा असं रेकॉर्ड वीस-पंचवीस लढतींपर्यंत फुगवत नेतात आणि मग तेच दाखवून तिकिटं विकतात.

आता त्या हरणाऱ्यांबद्दल, कारण बॉक्सिंगमधली सगळ्यात कमी समजून घेतलेली माणसं हीच. त्यांना जर्नीमॅन म्हणतात. ब्रिटनमध्ये पीटर बकली नावाचा बॉक्सर होता, १९८९ ते २००८ या काळात तो ३०० प्रो लढती खेळला, त्यातल्या २५६ हरला, ३२ जिंकला, १२ बरोबरीत सुटल्या. आकडा वाचून हसू येतं, पण जरा विचार करा, ३०० वेळा रिंगमध्ये जाऊन धडधाकट बाहेर येणं ही काय साधी कला आहे का. या लोकांचं हातावर पोट असतं, महिन्यात दोन दोन तीन तीन लढती घ्यायच्या, कधी कधी दुपारी फोन येतो की संध्याकाळच्या लढतीतून कोणीतरी बाहेर पडलाय, त्याच्या जागी येतोस का, आणि हा बॅग उचलून निघतो. नॉकआउट झाला तर नियमाप्रमाणे काही आठवडे सक्तीची सुट्टी मिळते म्हणजे तेवढे दिवस कमाई बंद, म्हणून जर्नीमॅनचं पहिलं काम हे की मार चुकवायचा, मिठी मारून वेळ काढायचा, डोळ्यावर कापलं जाऊ द्यायचं नाही. आणि घरच्या, म्हणजे शो भरवणाऱ्या प्रमोटरच्या, पोराला फार जोरात मारायचंही नाही, कारण पाच-सहा प्रॉस्पेक्टना याने आडवं केलं की मॅचमेकर याला फोन करणंच बंद करतो! जिंकण्याची शिक्षा म्हणजे बेरोजगारी, असं उलटं गणित दुसऱ्या कुठल्या खेळात मला तरी दिसलेलं नाही.

घरच्या कॉर्नरमधला पोरगाही काही मजेत नसतो. छोट्या हॉलमधल्या शोमध्ये, ब्रिटनमध्ये तर हे सर्रास चालतं, नव्या बॉक्सरला स्वतःची तिकिटं स्वतः विकावी लागतात. समोरच्या जर्नीमॅनचं मानधन, त्याचा येण्याजाण्याचा खर्च, हे सगळं त्या तिकीटविक्रीतून वजा होतं आणि उरलं तर याला. म्हणजे ट्रेनिंग करायचं, नोकरी करायची आणि वर मित्र, नातेवाईक, जिममधली पोरं यांच्या मागे लागून तिकिटं खपवायची. तिकिटं खपवणारा साधारण बॉक्सर आणि तिकिटं न खपवणारा उत्तम बॉक्सर यात आधी कोणाला लढत मिळते ते सांगायलाच नको.

पैशाचं गणित मोठ्या पातळीवरही तसंच, फक्त शून्यं वाढतात. बॉक्सरच्या मानधनाला पर्स म्हणतात. समजा पर्स १०० ची आहे. मॅनेजर यातला एक तृतीयांशपर्यंत घेऊ शकतो, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हीच कमाल मर्यादा आहे. ट्रेनरचे रूढीप्रमाणे साधारण १०. कटमॅनचे, म्हणजे लढतीत कापलं, सुजलं ते सांभाळणाऱ्याचे, दोन-तीन. टायटल असेल तर बेल्ट देणाऱ्या संघटनेची फी साधारण ३. मग कॅम्पचा खर्च, म्हणजे आठ-दहा आठवडे राहणं, खाणं, स्पारिंग पार्टनरला, म्हणजे सरावाच्या लढतीत समोर उभं राहणाऱ्याला, रोज द्यायचे पैसे, फिजिओ, मेडिकल टेस्ट, आणि या सगळ्यानंतर टॅक्स. बॉक्सरच्या पदरात कधी कधी निम्मंसुद्धा पडत नाही. त्यात वर्षाला लढती दोन किंवा तीन, हात मोडला की शून्य, पगार नाही, आणि बहुतेक ठिकाणी प्रॉव्हिडंट फंडासारखंही काही नाही.

१९७१ ला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांना पहिल्या लढतीसाठी प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले होते, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०१५ ला मेवेदर विरुद्ध पॅकियाव झाली तेव्हा एकट्या अमेरिकेत ४६ लाख घरांनी पे-पर-व्ह्यू, म्हणजे ती एक लढत टीव्हीवर बघायला वेगळे पैसे, विकत घेतलं आणि त्यातून ४० कोटी डॉलरच्या वर गोळा झाले. पण हे अगदी टोकाचे लोक. आणि टोकाच्या लोकांचंही पुढे काय होतं तर माइक टायसनने करिअरमध्ये ३० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि २००३ ला दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लोक म्हणतात उधळपट्टी, आणि ती होतीच, पण विशीतल्या पोराच्या हातात एका रात्रीत एवढा पैसा यायचा, टॅक्स आधी कापलेला नसायचा, आणि हिशोब ठेवणारेच त्याच्या पैशावर जगणारे असायचे, हेही तितकंच खरं.

या सगळ्यातून बॉक्सरला थोडं तरी संरक्षण मिळावं म्हणून अमेरिकेत २००० साली कायदा झाला, त्याला अलीचंच नाव दिलंय. त्यातला मुख्य मुद्दा हा की प्रमोटर आणि मॅनेजर एकच असता कामा नये. का, तर मॅनेजरचं काम बॉक्सरला जास्तीत जास्त पैसे मिळवून देणं आणि प्रमोटरला फायदा बॉक्सरला कमीत कमी देण्यात, दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या की मरतो बॉक्सरच. शिवाय लढतीतून किती कमाई झाली हे प्रमोटरने बॉक्सरला सांगितलं पाहिजे असंही त्यात आहे. अंमलबजावणी किती होते हा वेगळा विषय.

बेल्टचा घोळ. एकाच वजनात चार वर्ल्ड चॅम्पियन असतात कारण संघटनाच चार आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. सगळ्यात जुनी डब्ल्यूबीए, तिची मुळं १९२१ पर्यंत जातात, डब्ल्यूबीसी १९६३ ची, आयबीएफ १९८३ ची आणि डब्ल्यूबीओ १९८८ ची. या खासगी संघटना आहेत, कुठल्याही सरकारने नेमलेल्या नाहीत, आणि त्यांची कमाई टायटल फाइटच्या फीवर चालते, म्हणजे जितके बेल्ट तितकी फी. वजनाचे गट १७, सगळ्यात हलका ४७.६ किलोपर्यंतचा आणि हेवीवेट ९०.७ किलोच्या वर, आता डब्ल्यूबीसीने मधे आणखी एक घुसवलाय तो सोडा. प्रत्येक गटात चार, शिवाय अंतरिम चॅम्पियन वगैरे वेगळे. चारही बेल्ट एकाकडे आले की त्याला अनडिस्प्युटेड म्हणतात, आणि ते टिकवणं जिंकण्यापेक्षा अवघड, कारण प्रत्येक संघटना आपला एक मँडेटरी चॅलेंजर पुढे करते की आधी याच्याशी लढ. ओलेक्सांडर उसिकने मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही बेल्ट एकत्र केले, चार बेल्टचं युग सुरू झाल्यापासून चारही एकत्र असलेला हा पहिला हेवीवेट, आणि पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा बेल्ट सोडावा लागला कारण फ्युरीशी रीमॅच ठरलेली होती आणि आयबीएफला आपला चॅलेंजर आधी हवा होता. दोन्ही बाजूंचं पैशावर जमलं नाही तर संघटना त्या लढतीचा लिलाव करते, त्याला पर्स बिड म्हणतात, जो प्रमोटर जास्त बोली लावेल तो लढत भरवणार.

आता जरा कागदपत्रातून जिममध्ये येऊ. लढत ठरली की आठ-दहा आठवड्यांचा कॅम्प लागतो. पहाटे रोडवर्क म्हणजे पळणं, दुपारी जिम, दोरीच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग, हेवी बॅग, ट्रेनरच्या हातातल्या पॅडवर कॉम्बिनेशन, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्पारिंग. स्पारिंगला सहसा १६ औंसांचे जाड ग्लोव्हज आणि हेडगार्ड. बऱ्याच लोकांना वाटतं हेडगार्डमुळे मेंदू वाचतो, तसं नाहीये, हेडगार्ड कातडी फुटण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवतो, ठोसा बसल्यावर डोकं झटकन फिरतं आणि मेंदू कवटीच्या आत हलतो त्याला तो काहीच करू शकत नाही. आणि बॉक्सर आयुष्यात जितके ठोसे खातो त्यातले बहुतेक लढतीत खातच नाही, जिममध्ये खातो, जिथे ना डॉक्टर असतो ना कोणी मोजत असतं. ‘जिम वॉर’ म्हणून पोरं ज्याच्या क्लिप अभिमानाने शेअर करतात ना, तो खरं तर करिअरमधून काढून घेतलेला ॲडव्हान्स असतो.

कॅम्पचा शेवटचा आठवडा वजनाचा. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळे सगळे काय करतात तर स्वतःच्या नेहमीच्या वजनापेक्षा बऱ्याच खालच्या गटात लढतात, पाणी काढून काढून काट्यावर वजन भरवतात आणि मग रात्रभरात परत चढवतात. आधी काही दिवस भरपूर पाणी प्यायचं म्हणजे शरीराला लघवी करायची सवय लागते, मग मीठ बंद, कार्बोहायड्रेट बंद, मग पाणीच बंद. शेवटच्या रात्री प्लास्टिकचा स्वेटसूट घालून ट्रेडमिल, कढत पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसणं, बाहेर आलं की टॉवेलात गुंडाळून पडायचं आणि घाम येऊ द्यायचा, तरी शंभर-दोनशे ग्रॅम राहिलेच तर डब्यात थुंकत बसायचं. ओठ फाटलेले, गाल आत गेलेले, नीट बोलता येत नाही. काट्यावर आकडा बरोबर आला की बाजूलाच ठेवलेली क्षाराच्या पाण्याची बाटली तोंडाला. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये तो चार-पाच किलो जास्त, कधी कधी त्याहूनही जास्त वजनाचा असतो. अडचण ही की स्नायूंमध्ये पाणी लवकर परत येतं पण एका दिवसात शरीर पूर्ण सावरेलच असं नाही, आणि सुकलेल्या अवस्थेत डोक्यावर ठोसे खाणं जास्त धोक्याचं मानतात. यावर आयबीएफने लढतीच्या दिवशी सकाळी दुसऱ्यांदा वजन करायचा नियम आणला, बाकीच्यांनी तो तितकासा मनावर घेतला नाही. सगळेच खाली उतरत असल्यामुळे फायदा कोणालाच होत नाही, पण पहिल्यांदा थांबणार कोण.

लढतीच्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये एक गोष्ट बघण्यासारखी असते, हात बांधणं. ट्रेनर उलट्या खुर्चीवर बॉक्सरचा हात ठेवून गॉज आणि टेपचे थर चढवत जातो, मनगट, अंगठा, मुठीची हाडं, बोटांच्या मधून, पंधरा-वीस मिनिटं एकेका हाताला. आणि समोर विरोधी कॅम्पचा एक माणूस डोळ्यात तेल घालून बघत उभा असतो, शेजारी कमिशनचा, म्हणजे बॉक्सिंगवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचा, इन्स्पेक्टर, झालं की टेपवर सही. एवढा संशय का, तर त्याला कारण आहे. जानेवारी २००९ ला लॉस एंजेलिसमध्ये अँटोनियो मार्गारिटो शेन मोझलीशी लढणार होता, मोझलीचा ट्रेनर नाझीम रिचर्डसन याला त्याच्या गॉजमध्ये काहीतरी कडक लागलं, त्याने उलगडायला लावलं आणि आतून प्लास्टरसारखा पदार्थ लागलेल्या पट्ट्या निघाल्या. नव्याने हात बांधून लढत झाली, मार्गारिटो हरला, आणि पुढे त्याचं लायसन्स वर्षासाठी गेलं. त्याच्या आधी १९८३ ला न्यूयॉर्कमध्ये लुइस रेस्टोच्या ग्लोव्हजमधलं पॅडिंग काढून टाकलेलं होतं, समोरच्या बिली कॉलिन्सचे डोळे असे सुजले आणि दुखावले की तो पुन्हा कधी लढू शकला नाही.

मग ते एक मिनिट, दोन राउंडमधलं. टीव्हीवर आपल्याला जाहिरात दिसते पण कॉर्नरमध्ये तेव्हा तीन जण घाईत असतात. स्टूल, पाणी, मुख्य ट्रेनर समोर बसून एखाद-दुसरीच गोष्ट सांगतो कारण त्याहून जास्त डोक्यात शिरत नाही. कटमॅन भुवईवरचा काप पुसतो, ॲड्रेनलिन लावलेला कापसाचा बोळा आत दाबून धरतो म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, वर व्हॅसलीन. डोळ्याखाली सूज असेल तर बर्फात ठेवलेला धातूचा छोटा ठोकळा त्यावर दाबायचा. हे सगळं साठ सेकंदात, त्यातले पहिले काही सेकंद बॉक्सर चालत येण्यात गेलेले.

कॉर्नरचं सगळ्यात मोठं काम मात्र लढत थांबवणं हे आहे, आणि ते फार कमी जणांना जमतं. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, अली आणि फ्रेझरची तिसरी लढत, चौदा राउंड झालेले. फ्रेझरचा उजवा डोळा जवळपास बंद, डाव्याने त्याला आधीपासूनच कमी दिसायचं, त्यामुळे अलीचे ठोसे येताना त्याला दिसतच नव्हते. फ्रेझर म्हणतोय मला जाऊ दे, शेवटचा राउंड आहे. ट्रेनर एडी फचने ऐकलं नाही, खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि लढत थांबवली. फचने रिंगमध्ये बॉक्सर मरताना पाहिलेले होते. अलीसुद्धा त्या वेळी कसाबसा उभा होता, त्यामुळे आणखी तीन मिनिटं दिली असती तर काय झालं असतं यावर लोक अजून भांडतात, मी फचच्या बाजूने आहे.

गुण कसे देतात हे थोडक्यात. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज, प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर ८. ठोसे नेमके किती आणि किती जोरात बसले, लढतीवर पकड कोणाची, बचाव कोणाचा, हे त्यांनी डोळ्यांनी बघून ठरवायचं. म्हणून एक जज म्हणतो हा जिंकला आणि दुसरा म्हणतो तो, आणि घरच्या प्रेक्षकांचा आवाज कानात जातोच.

धोक्याबद्दल बोलायचं तर बॉक्सिंगचे बरेच सुरक्षेचे नियम कोणाच्या तरी जिवावर बेतल्यावर आलेत. वर्ल्ड टायटल पूर्वी पंधरा राउंडचं असायचं. नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मँचिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर आधी डब्ल्यूबीसीने आणि मग एकेक करून बाकीच्यांनी राउंड बारावर आणले. १९९१ ला लंडनला मायकल वॉटसन ख्रिस युबँकशी लढून कोसळला, रिंगजवळ त्याला वेळेत नीट उपचार मिळाले नाहीत, तो ४० दिवस कोमात होता, मेंदूवर सहा ऑपरेशनं झाली. नंतर त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर केस केली आणि जिंकला, रिंगजवळ काय काय वैद्यकीय सोय पाहिजे हे तिथे त्यामुळे गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं. २००३ ला त्याने लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, सहा दिवसांत, चालत.

आणि हे झाले एका रात्रीत दिसणारे अपघात. हळूहळू होणारं नुकसान त्याहून जास्त जणांना होतं. १९२८ ला हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरच्या अडखळत्या चालीबद्दल आणि जड जिभेबद्दल लिहिलं होतं, आज त्याला सीटीई म्हणतात, मेंदूला वर्षानुवर्षं बारीक बारीक धक्के बसून होणारा आजार, जो पक्का कळतो तो मृत्यूनंतर मेंदू तपासूनच. अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ नंतर त्याला सोडून गेला, अलीची किडनी बिघडत चालल्याचा रिपोर्ट त्याने अलीला आणि आसपासच्यांना पाठवला होता पण कोणी दाद दिली नाही. त्यानंतरही अली चार लढती खेळला, शेवटची डिसेंबर १९८१ ला, आणि १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. पार्किन्सन ठोशांमुळेच झाला का हे डॉक्टरसुद्धा ठामपणे सांगत नाहीत, पण त्या शेवटच्या चार लढतींची गरज कोणाला होती हा प्रश्न उरतोच, कारण त्याच्यावर पोट भरणाऱ्यांची यादी मोठी होती.

निवृत्तीच अवघड जाते बॉक्सरला. पस्तिशीत पाय मंदावतात, ठोसा येताना दिसतो पण डोकं हलेपर्यंत बसलेला असतो. पण दुसरं काही येत नसतं आणि पर्सची सवय लागलेली असते. जो लुइस १९३७ ते १९४९ हेवीवेट चॅम्पियन होता, १९४२ ला त्याने दोन लढतींचं मानधन नौदल आणि लष्कराच्या मदत निधीला दिलं, तरीही पुढे टॅक्सचं ओझं असं वाढत गेलं की त्याला निवृत्तीतून परत रिंगमध्ये यावं लागलं, आणि १९५१ ला रॉकी मार्सियानोने त्याला दोरांच्या बाहेर पाडलं. जॉर्ज फोरमनसारखं एखाद्याचंच होतं, दहा वर्षांच्या ब्रेकनंतर परत आला, १९९४ ला वयाच्या ४५ व्या वर्षी मायकल मूररला नॉकआउट करून पुन्हा चॅम्पियन झाला, आणि बॉक्सिंगपेक्षा जास्त पैसा त्याने स्वतःच्या नावाची, मांस भाजायची ग्रिल विकून कमावला. त्याचं उदाहरण देऊन बाकीचे चाळिशीत परत येतात, त्यांच्याकडे ग्रिल नसते.

बाकीच्यांपैकी काही ट्रेनर होतात, काही जिम काढतात, काही सिक्युरिटीत जातात, बरेचसे आधीपासून करत असलेली नोकरी चालू ठेवतात. पेन्शन म्हणाल तर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८२ पासून बॉक्सरसाठी पेन्शन फंड चालवलाय, राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटामागे काही सेंट त्यात जातात, आणि तिथे ठराविक राउंड लढलेल्या बॉक्सरला पन्नाशीनंतर पैसे मिळू शकतात. गंमत म्हणजे कितीतरी माजी बॉक्सरना आपल्या नावावर असे पैसे पडून आहेत हे माहीतच नसतं, पत्ते बदललेले, फोन लागत नाही, काही जण हयातही नाहीत, त्यामुळे कमिशनलाच उलट त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शोधत फिरावं लागतं.